साध्या नोंदणी लग्नाची साधी नसलेली बाजू

पती गेल्यावर संभाजीनगरात एकटीने उभी राहिलेली बाई दुसरं लग्न करते, असा एक लेख वाचला. इथवर तो छान आहे. पण 'नोंदणी पद्धतीने लग्न केलं' या एका वाक्यात फार गोष्टी झाकल्या गेल्यात.

असं लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने होतं आणि त्यात आधी विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहिलेला हवा. गावाकडून नुकतं आलेल्यांचं इथेच अडतं, म्हणून खोली घेतल्या घेतल्या भाडेकरार करून ठेवा. नोटिशीनंतर ३० दिवस हरकतीसाठी, मग तीन साक्षीदार. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नवी नोटीस! पहिल्या जोडीदाराचा मृत्यू दाखला लागतो. त्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर आधी दुरुस्ती करा, ऐनवेळी धावपळ होते.

शेतजमिनीचं जास्त महत्त्वाचं. वारसाचा फेर (सातबाऱ्यावर वारसांची नावं लावणारी नोंद) पतीच्या निधनानंतर लगेच ओढून घ्यावा. हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलं आणि पतीची आई यांना सारखा वाटा मिळतो (सासऱ्यांना नाही, हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं). एकदा मिळालेला वाटा दुसऱ्या लग्नाने जात नाही. "आता तुझा हक्क संपला" म्हणत कोणी हक्कसोडपत्रावर सही मागितली, तर वकिलाला दाखवल्याशिवाय करू नका.

ईपीएफची (नोकरदारांच्या भविष्य निर्वाह निधीची) विधवा पेन्शन मात्र पुनर्विवाहाने थांबते. महिन्याचं गणित आधीच मांडा.