‘अहली जनतेचा, झमालेक साहेबांचा’ ही गोष्ट कागदावर टिकत नाही

कैरो डर्बी, म्हणजे अल अहली आणि झमालेक या कैरोच्या दोन फुटबॉल क्लबांमधला सामना, जवळ आली की एक मजकूर फॉरवर्ड होत हमखास फिरू लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, पण गाभा असा: ‘अल अहली हा इंग्रजांविरुद्ध इजिप्शियन जनतेने उभा केलेला क्लब. झमालेक हा परदेशी साहेबांचा आणि नंतर राजा फारूकचा क्लब. अहली गरिबांचा, झमालेक श्रीमंत वस्तीतल्या लोकांचा. क्रांतीत अहलीवाले रस्त्यावर उतरले. म्हणूनच आफ्रिकेत सगळ्यात जास्त विजेतेपदं अहलीकडे आहेत.’

सगळंच खोटं असतं तर दुर्लक्ष केलं असतं. पण यात थोडं खरं आहे, आणि त्या थोड्याच्या जोरावर बाकीचं खपवलं जातं. एकेक वाक्य घेऊ.

‘इंग्रजांविरुद्ध जनतेने उभा केलेला क्लब.’ अहलीची स्थापना २४ एप्रिल १९०७ची. कल्पना उमर लुत्फी यांची. ते वकील, सहकारी चळवळीचे प्रवर्तक आणि १९०५ साली निघालेल्या उच्च विद्यालयांच्या विद्यार्थी क्लबचे प्रमुख. त्या क्लबात राष्ट्रवादी तरुण जमत. जून १९०६मध्ये देनशवाई गावात इंग्रजांनी शेतकऱ्यांना फासावर चढवलं होतं आणि देशभर संताप होता. त्याच वातावरणात विद्यार्थ्यांना खेळायला-भेटायला आपली जागा हवी, असं लुत्फींना वाटलं. इथपर्यंत फॉरवर्डवाल्यांचं बरोबर आहे.

पुढचा भाग मात्र ते गाळतात. अहलीचा पहिला अध्यक्ष इंग्रज होता. मिचेल इन्स हे इजिप्तच्या अर्थखात्यातले अधिकारी, आणि संस्थापकांची बैठक झाली तीही त्यांच्याच घरी. त्यांना कुणी बळेबळे बसवलं नव्हतं. सरकारदरबारी काम व्हायचं तर इंग्रज अधिकारी पुढे असलेला बरा, हा सरळ व्यवहार होता. १९०८ साली अझीझ इझ्झत पाशा अध्यक्ष झाले आणि तिथून पुढे ती खुर्ची इजिप्शियनांकडेच राहिली. मला यात लाजण्यासारखं काही दिसत नाही. गुलाम देशात संस्था काढणाऱ्यांना अशा वाटाघाटी कराव्याच लागत. पण मग तोच न्याय समोरच्यालाही लावा की.

‘जनतेने’ या शब्दाचंही तसंच. क्लबसाठी पैसा उभा केला तो शेअर विकून, आणि एका शेअरची किंमत ५ पौंड. तेव्हाच्या शेतमजुराची ही कित्येक महिन्यांची कमाई. भांडवल घालणारे आणि कारभार बघणारे कोण, तर पाशा आणि बे किताबांचे मानकरी, वकील, बडे अधिकारी. जनता अहलीकडे आली ती नंतर, आणि फुटबॉलमुळे. फुटबॉलचा संघ तर १९११ साली निघाला, म्हणजे क्लब स्थापन झाल्यावर चार वर्षांनी.

‘झमालेक परदेशी साहेबांचा.’ ५ जानेवारी १९११ रोजी जॉर्ज मर्झबाख या बेल्जियन वकिलाने हा क्लब काढला, हे खरं. पहिलं नाव कस्र एल-नील, १९१३पासून मुख्तलत, म्हणजे सगळ्यांना मोकळा असलेला मिश्र क्लब. त्या काळच्या कैरोत हे मिश्रपण किती वेगळं होतं ते समजायचं असेल तर १८८२ सालचा गेझिरा स्पोर्टिंग क्लब आठवा. अस्सल इंग्रजी क्लब तो, लष्करी अधिकाऱ्यांचा आणि साहेबांचा. त्याच्या तुलनेत मुख्तलतचं दार इजिप्शियनांना उघडं होतं.

आणि हा परदेशी कारभार टिकला किती? सहा वर्षं. १९१७ साली इब्राहिम अल्लाम आणि त्यांच्या सोबतच्या इजिप्शियन सदस्यांनी सर्वसाधारण सभेच्या मार्गाने क्लब ताब्यात घेतला आणि डॉ. मोहम्मद बद्र अध्यक्ष झाले. इंग्रजांविरुद्धची १९१९ची क्रांती अजून दोन वर्षं दूर होती. सदस्यत्व फक्त इजिप्शियनांनाच, हा अहलीचा प्रसिद्ध ठराव आला १९२५ साली. शंभराहून जास्त वर्षांच्या इतिहासातली पहिली सहा वर्षं उचलायची आणि क्लबाच्या कपाळावर कायमची चिकटवायची, याला इतिहास म्हणत नाहीत.

आता मैदानावर या. सुलतान हुसेन कप पहिल्या महायुद्धाच्या काळात सुरू झाला. सुरुवातीची वर्षं तो ब्रिटिश लष्करी संघ जिंकत होते. त्यांच्याकडून तो हिसकावून घेणारा पहिला इजिप्शियन संघ कोणता? १९२१चा मुख्तलत, म्हणजे आजचा झमालेक. पुढच्या वर्षीही तोच. अहलीने कप जिंकला त्यानंतर, १९२३ साली. ‘साहेबांचा क्लब’ म्हणून हिणवला जाणारा संघ साहेबांना आधी हरवून मोकळा झाला होता! फॉरवर्डमध्ये हे कधीच येत नाही.

त्या काळाचा नायक हुसेन हेगाझी. इंग्लंडमध्ये डलिच हॅम्लेटकडून खेळलेला, १९११ साली फुलहॅमकडून एकच सामना खेळून त्यात गोल केलेला. मायदेशी परतल्यावर तो अहलीकडून खेळला आणि मुख्तलतकडूनही, आणि या दोघांमध्ये त्याची ये-जा चालूच राहिली. दोन्हीकडच्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. आज डर्बीच्या नावाने एकमेकांच्या देशभक्तीची मापं काढणाऱ्यांनी हेगाझीला नेमक्या कुठल्या खान्यात बसवायचं ते ठरवावं.

‘राजा फारूकचा क्लब.’ हा आरोप सगळ्यात जोरात केला जातो, कारण पुरावा नावातच आहे. १९४०च्या दशकात क्लबाचं नाव ‘फारूक’ होतं आणि राजाला हटवणाऱ्या १९५२च्या क्रांतीनंतर ते झमालेक झालं. कबूल. पण त्या दिवसांत राजाचं नाव कशाला नव्हतं? अलेक्झांड्रिया विद्यापीठ १९४२ साली निघालं ते फारूक विद्यापीठ म्हणून. कैरो विद्यापीठ फारूकच्या वडिलांच्या, फुआदच्या नावाने चालत होतं. खुद्द इजिप्त कपची सुरुवात राजपुत्र फारूकच्या नावाने झालेली, आणि तो कप अहलीनेही आनंदाने उचलला.

नाव बाजूला ठेवू आणि माणसं बघू. झमालेकचे अध्यक्ष मोहम्मद हैदर पाशा राजवाड्याच्या मर्जीतले, यात वाद नाही. ते फुटबॉल फेडरेशनचेही प्रमुख होते. १९४३ साली अहलीचे खेळाडू फेडरेशनचं न ऐकता पॅलेस्टाइनला खेळायला गेले आणि फेडरेशनने त्यांना निलंबित केलं. अहलीवाल्यांचा तो राग मला समजतो. एकाच माणसाने प्रतिस्पर्धी क्लब आणि फेडरेशन दोन्ही चालवणं गैरच. मात्र हा पायंडा हैदर पाशांनी पाडलेला नाही. फेडरेशनचे पहिले अध्यक्ष जाफर वली पाशा होते, आणि १९२४ ते १९४० अहलीचे अध्यक्षही तेच!

त्यांच्यानंतर, १९४० ते १९४६, अहलीच्या खुर्चीवर कोण बसलं? अहमद हसनैन पाशा. ऑक्सफर्डमध्ये शिकलेले, वाळवंटाचे संशोधक, ऑलिम्पिकमधले तलवारबाज, राजपुत्र फारूकचे शिक्षक आणि शाही दिवाणाचे प्रमुख. राजाला त्यांच्याहून जवळचा माणूस सापडणं अवघड. म्हणजे ज्या वर्षांसाठी झमालेकला ‘राजाचा क्लब’ म्हणतात, नेमक्या त्याच वर्षांत राजाचा उजवा हात अहली चालवत होता. राजवाडा दोन्ही डगरींवर पाय ठेवून होता.

१९५६ साली १९५२च्या क्रांतीचे नेते गमाल अब्देल नासर अहलीचे मानद अध्यक्ष झाले आणि राजा-विरुद्ध-जनता ही कथा पक्की व्हायला तिथून मदत झाली, असं माझं मत. पण प्रत्यक्ष अध्यक्ष तेव्हाही अहमद अब्बूद पाशाच होते, साखर कारखान्यांचे आणि जहाज कंपनीचे मालक, देशातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी एक. त्यांचे उद्योग १९६१ साली नासर यांच्याच राजवटीने सरकारजमा केले आणि अब्बूद यांचं अध्यक्षपदही त्याच वर्षी संपलं.

‘श्रीमंत वस्तीतल्या लोकांचा.’ याला उत्तर द्यायला नकाशा पुरे. झमालेक हा नाईल नदीतल्या बेटाच्या उत्तरेकडचा उच्चभ्रू भाग. झमालेक क्लब तिथे नाहीच. तो नदीपलीकडे, गिझा बाजूच्या मीत ओकबात आहे. त्या बेटावर ज्याचं मुख्यालय आहे तो क्लब म्हणजे अहली. समर्थकांचं म्हणाल तर एकाच गल्लीत, कधी एकाच घरात लाल (अहली) आणि पांढरा (झमालेक) दोन्ही सापडतात.

‘क्रांतीत अहलीवाले रस्त्यावर उतरले.’ उतरले, निःसंशय. पण २०११च्या क्रांतीत कैरोच्या तहरीर चौकात अल्ट्रास अहलावी या अहलीच्या कट्टर समर्थकांच्या गटाबरोबर झमालेकचे अल्ट्रास व्हाइट नाइट्सही होते. दोन्ही गट २००७ साली निघालेले, दोघांचंही पोलिसांशी आधीपासून वाकडं. १ फेब्रुवारी २०१२ला पोर्ट सईदच्या स्टेडियममध्ये ७४ जण मारले गेले, बहुतेक अहलीचे समर्थक. त्या रात्री कैरोत झमालेकचा इस्माइली क्लबविरुद्ध सामना चालू होता. बातमी पोचल्यावर तो मध्यंतरालाच थांबवला गेला. तीन वर्षांनी, ८ फेब्रुवारी २०१५ला, कैरोच्या एअर डिफेन्स स्टेडियमबाहेर लोखंडी जाळ्यांच्या अरुंद वाटेत अश्रुधुराच्या नळकांड्या फुटल्या आणि चेंगराचेंगरीत वीसच्या आसपास जीव गेले. ते झमालेकचे समर्थक होते, सामना बघायला आलेली साधी पोरं. ‘श्रीमंतांचा क्लब’ हे शब्द पुढे ढकलणाऱ्यांना या तारखेची आठवण करून द्यायला हवी.

राहिलं शेवटचं, ‘म्हणूनच विजेतेपदं.’ अहली आफ्रिकेतला सर्वात यशस्वी क्लब आहे, यावर वाद घालणं वेडेपणाचं. २०२४पर्यंत अहलीकडे आफ्रिकन चॅम्पियन्स लीग १२ वेळा, झमालेककडे ५ वेळा. पण त्या ‘म्हणूनच’ला आधार नाही. २००१, २००५, २००६ आणि २००८ ही चार विजेतेपदं मिळाली तेव्हा अहलीचे प्रशिक्षक होते पोर्तुगीज मानुएल जोझे. २०२० आणि २०२१ला दक्षिण आफ्रिकेचे पित्सो मोसिमाने, २०२३ आणि २०२४ला स्वित्झर्लंडचे मार्सेल कोलर. पैसा, व्यवस्थापन आणि बाहेरून आणलेलं कसब, यावर हे यश उभं आहे, आणि त्यात वावगं काही नाही.

शिवाय तारखा बघा. २००० साल संपलं तेव्हा आफ्रिकेचा हा मुख्य कप झमालेककडे चार वेळा होता (१९८४, १९८६, १९९३, १९९६), अहलीकडे दोनदा (१९८२, १९८७). आफ्रिकन फेडरेशनने तरीही शतकातला सर्वोत्तम क्लब म्हणून अहलीला निवडलं, कारण गुणांमध्ये कप विनर्स कप ही आफ्रिकेची दुसरी स्पर्धाही मोजली गेली आणि ती अहलीने चारदा जिंकली होती. झमालेकवाले त्यावरून आजही हुज्जत घालतात. कपांवरून देशभक्ती ठरवायचीच असेल, तर २००१ उजाडेपर्यंत देशभक्त कोण होतं हे फॉरवर्ड लिहिणाऱ्यानेच सांगावं.