सोडियम सल्फाइटमध्ये भेसळ असल्याच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. तुमचं प्रॅक्टिकल अडलं आणि वर काउंटरवरचा मुलगा फोनवर तोडून बोलला, त्याबद्दल सॉरी, त्याला समज दिली आहे. पण "लेबलवर 98 टक्के, टायट्रेशनला 88, सरळ भेसळ" (टायट्रेशन म्हणजे आयोडीन किती खर्च होतं त्यावरून शुद्धता मोजणं) हे जे चारचौघांत लिहिलंत ते फार लागलं हो, वडिलांपासूनचं दुकान आहे, शाळा-कॉलेजच्या ऑर्डरींवरच घर चालतं आमचं.

बाटली तुम्ही नेलीत जूनमध्ये, बिलावर तारीख आहे, सील दाखवूनच दिली होती. टायट्रेशन केलंत सप्टेंबरमध्ये. मधे अख्खा पावसाळा गेला की सर! तुम्हीच पाठवलेल्या फोटोत झाकण तिरकं बसलंय आणि आत गोळे झालेत. सल्फाइट हवेतला ऑक्सिजन घेऊन सल्फेट होतं, ओल लागली की अजून पटकन, आणि सल्फेटची आयोडीनशी काही रिॲक्शनच होत नाही, मग टक्का उतरणारच ना. अहो ह्याच गुणासाठी तर लोक ते नेतात, बॉयलरच्या पाण्यातला ऑक्सिजन मारायला, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणाऱ्या डीओ मीटरचा झीरो लावायला, फिल्म धुणारे डेव्हलपर टिकावा म्हणून.

आणि मला फसवायचंच असतं तर हेप्टाहायड्रेट, म्हणजे पाणी धरलेलं सल्फाइट, भरून दिलं असतं, त्यात निम्मं वजन पाण्याचंच, 252 ग्रॅममध्ये सल्फाइट फक्त 126 ग्रॅम. तुमचं उत्तर 50 च्या आसपास आलं असतं, 88 नाही.

अजून एक, राग मानू नका, पण फोनवर तुम्हीच म्हणालात की पावडर पाण्यात विरघळवली, ॲसिड घातलं आणि मग ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या नळीतून, आयोडीन सोडलं. असं केलं की सल्फाइटचा सल्फर डायऑक्साइड वायू होऊन उडून जातो आणि टक्का कमी दिसतो, नाकाला झोंबला असेलच. आयोडीन मोजून जास्तीचं आधी घ्यायचं, पावडर थेट त्यात टाकायची, मग ॲसिड, आणि उरलेलं आयोडीन थायोसल्फेटच्या द्रावणाने मोजायचं. 0.1 नॉर्मल तीव्रतेच्या आयोडीनच्या 1 मिलीला 6.302 मिलिग्रॅम सल्फाइट, हे मी तुम्हाला काय सांगणार, तुम्ही शिकवता.

उघडलेली बाटली परत घेत नाही हे बिलावर मोठ्या अक्षरात छापलंय, पण त्याच बॅचची एक सीलबंद बाटली बाजूला काढून ठेवली आहे, कधीही या, तुमच्यासमोर उघडू, तुमच्याच लॅबमध्ये करा, कमी आलं तर पूर्ण पैसे परत. पावसाळ्यासाठी 100 ग्रॅमचं छोटं पॅकिंग ठेवायचंही बघतोय, कंपनीशी बोलणं चालू आहे. दोन स्टार राहू देत, तेवढा भेसळ शब्द काढता आला तर बघा, कॉलेजवाले हे वाचून मगच ऑर्डर देतात.