क्राउन-पिनियन बदलल्याने ट्रकची ताकद वाढत नाही

गळीत हंगाम जवळ आला की खानापूर, निपाणी, चिकोडी भागांतील ऊस वाहणाऱ्या ट्रकमालकांमध्ये एक संदेश फिरू लागतो. मागच्या एक्सलचा क्राउन-पिनियन (इंजिनकडून आलेली गती चाकांकडे वळवणारी दातेरी चाकांची जोडी) बदलून मोठा रेशो, म्हणजे दोघांच्या दातांचे मोठे प्रमाण, बसवला की इंजिनची ताकद वाढते, घाट वेगाने चढतो, शेतात गाडी रुतत नाही, जास्त टन ओढता येतात आणि शिवाय डिझेलही वाचते, असा त्यातील दावा आहे. त्यात खऱ्याचा अंश आहे, पण तो भलत्याच ठिकाणी जोडलेला आहे.

प्रथम ताकदीविषयी. क्राउनला 41 आणि पिनियनला 7 दात असतील तर रेशो 5.86 येतो, त्याऐवजी 41 आणि 6 दातांची जोडी बसवली तर तो 6.83 होतो. त्याच गिअरमध्ये चाकाला मिळणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, त्यामुळे एकषष्ठांशाने वाढतो, पण इंजिनच्या तेवढ्याच फेऱ्यांना गाडीचा वेग एकसप्तमांशाने घटतो. दोहोंचा गुणाकार, म्हणजे अश्वशक्ती, होती तेवढीच राहते. पहार लांब घेतली तर दगड हलतो, पण हातही तेवढाच जास्त फिरवावा लागतो.

घाटाचा दावा म्हणूनच टिकत नाही. मालासह 16 टनांचा ट्रक दहा मीटरला एक मीटर अशा चढावर असेल, तर चढासाठी 1.6 टन आणि टायरच्या घर्षणासाठी सुमारे 0.2 टन, असा एकूण 1.8 टनांचा जोर लागतो. चाकापर्यंत 150 अश्वशक्ती पोहोचत असेल तर या चढावर ताशी साधारण 22 किलोमीटर एवढाच वेग निघतो, मग रेशो कोणताही असो. चालक फार तर दुसऱ्याऐवजी तिसरा गिअर टाकेल. तवंदी घाटात टॉप गिअर थोडा अधिक वेळ टिकला की गाडीला जोर आल्यासारखे वाटते, पण जुन्या रेशोवर एक गिअर खाली उतरूनही तेच साधते.

खरा फायदा होतो तो भरलेली गाडी चढावर जागची हलवताना. पहिल्या गिअरच्या खाली आणखी कोणताच गिअर नसतो, त्यामुळे तिथे वाढलेला टॉर्क उपयोगी पडतो आणि क्लच कमी घासतो. गोव्याकडून चोर्ला घाट चढून कणकुंबीकडे येताना ज्याला वळणावर वारंवार थांबून निघावे लागते, त्याने हा बदल केला तर त्याला नावे ठेवता येणार नाहीत. मात्र एक्सलमधून चाकाला फिरवणाऱ्या दांड्यावरचा, म्हणजे हाफ शाफ्टवरचा, ताणही त्याच प्रमाणात वाढतो, आणि मागचे दोन्ही एक्सल ओढणारे असतील तर दोन्हींचा रेशो एकच ठेवावा लागतो. या दोन गोष्टी संदेशात कुठेच नसतात.

ओल्या काळ्या मातीत गाडी रुतते ती चाकाला पकड नसल्यामुळे. जे चाक आधीच गरगर फिरत आहे, त्याला आणखी टॉर्क दिल्याने ते अधिक सहज फिरेल, एवढेच.

टनांबाबत फार लिहिण्याची गरज नाही. दोन एक्सलच्या ट्रकची मालासह वजनमर्यादा 2018 मध्ये 16.2 वरून 18.5 टन झाली, ती एक्सलवरील भार पाहून. जुन्या गाडीला तिच्या नोंदणीपत्रातील वजनच लागू असते आणि क्राउन-पिनियन बदलून त्यात किलोचीही भर पडत नाही. जादा मालाचा दंड मात्र 20,000 रुपयांपासून सुरू होतो.

राहिला डिझेलचा प्रश्न. 10.00-20 मापाचे टायर एका फेरीत साधारण 3.2 मीटर जाते, त्यामुळे थेट टॉप गिअरमध्ये (गिअरबॉक्स इंजिनच्या फेऱ्या न बदलता पुढे देतो तेव्हा) ताशी 60 किलोमीटर वेगाला इंजिन पूर्वी मिनिटाला सुमारे 1,830 फेरे घेत असेल, तर आता सुमारे 2,135 घेईल. पुणे-बेंगळुरू महामार्गावर दिवसभर असे धावून डिझेल वाचणे कठीण आहे. तरीही कित्येक चालक अॅव्हरेज वाढल्याचे मनापासून सांगतात. याचे कारण बहुधा मीटरमध्ये सापडते: वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असेल आणि नव्या रेशोप्रमाणे मीटर जुळवून घेतला नसेल, तर प्रत्यक्ष 100 किलोमीटर अंतर तो सुमारे 117 दाखवतो. लिटरला 4 किलोमीटर देणारी गाडी कागदावर 4.67 देऊ लागते. ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी निपाणी ते बेळगाव हे अंतर मीटरवर न मोजता रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवर मोजावे, आणि निघताना आणि पोहोचल्यावर टाकी काठोकाठ भरून डिझेलचा हिशेब करावा.