डीअर स्टोनसोबत किलिनाही पाहा

आयर्लंडमधल्या ग्लेंडालॉक या जुन्या मठाच्या जागी नदीपलीकडे डीअर स्टोन आहे, वाटीसारखा खळगा असलेला दगड. त्यावर कुणीतरी लेख लिहिला, बरं झालं. बहुतेक लोक गोल मनोऱ्यापाशी फोटो काढून नदी न ओलांडताच परततात. मठाचे संस्थापक संत केविन यांच्याकडच्या पोरक्या जुळ्यांसाठी हरिणी याच खळग्यात दूध सोडून जायची, अशी आख्यायिका. आम्ही गेलो तेव्हा त्यात पावसाचं पाणी, कुजकी पानं नि चार नाणी. (नाणी कशाला टाकतात देव जाणे!)

मात्र ‘अशा दगडांतले खळगे धान्य कुटायलाच’ हे त्या लेखातलं ठाम विधान पटलं नाही. खनिज कुटण्याचाही तर्क मांडला जातो.

जमल्यास कॅव्हन परगण्यात ब्लॅकलायनजवळचं किलिना गाठा. तिथल्या दगडाच्या खळग्यांत गुळगुळीत गोटे बसलेत. ते उलट्या दिशेने फिरवून शत्रूला शाप देत म्हणे. मी आपले हात खिशातच ठेवले.