‘महाराष्ट्र दीन’ नव्हे, ‘महाराष्ट्र दिन’च

‘अकारान्त (अ-ने संपणाऱ्या) शब्दातला उपान्त्य (शेवटून दुसरा) इकार किंवा उकार दीर्घ असतो, म्हणून 1 मेच्या फलकावर ‘महाराष्ट्र दीन’ लिहा’, असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे. नियम खरा, पण मराठी शब्दांपुरता: गरीब, जमीन, बहीण. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मुळाप्रमाणेच लिहायचे: दिन, विष, गुण, सुख.

दिन म्हणजे दिवस. दिनांक, दिनक्रम त्यातलेच. दीन म्हणजे गरीब, केविलवाणा. म्हणून दीनदुबळे, दीनानाथ. ‘महाराष्ट्र दीन’ म्हणजे महाराष्ट्र केविलवाणा! प्रत्यय लागला तरी फरक टिकतो: दिनानिमित्त, पण दीनांना.

फलक छापायला देण्याआधी ‘द’ पाहा. वेलांटी त्याच्या डावीकडे हवी. उजवीकडे असेल तर शुभेच्छेचा अर्थच पालटतो.