सिरी, घाई करू नकोस

१३ डिसेंबर २०२४ ची सकाळ मला नीट आठवते. अमेरिकेत तेव्हा आदल्या दिवशीची संध्याकाळ होती आणि गेम अवॉर्ड्सचा कार्यक्रम सुरू होता. इथं कोल्हापुरात उजाडायचं होतं. आठच्या शिफ्टला जायचं म्हणून मी उठले होते आणि सहज म्हणून फोनवर ते लाइव्ह लावलं. लागलं काय, तर ‘द विचर ४’ या पोलिश व्हिडिओ गेमचा ट्रेलर. विचर म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारा माणूस. पहिल्या मिनिटात मला कळलं की ही सिरी आहे, आधीच्या भागांचा नायक गेराल्ट या विचरनं लेकीसारखी वाढवलेली पोरगी, आणि मी आईला हाक मारली. आईला काय कळणार, पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक गाव आहे. जंगलात राहणाऱ्या कुठल्याशा ‘देवाला’ दरवेळी एक पोरगी द्यायची तिथली प्रथा. यंदा जिची पाळी आलीय तिला सिरी वाचवते. तिला मागं ठेवते आणि जंगलात शिरून त्या देवाशी लढते. तो देव वगैरे काही नसतोच, बाउक नावाचा राक्षस असतो, बाल्कन लोककथांमधला. सिरी त्याला मारते, त्याचं मुंडकं घेऊन गावात परत येते, आणि बघते तर पोरगी मेलेली. गावकऱ्यांनीच मारलेली. देव कोपेल म्हणून.

रविवारी मी हा ट्रेलर आजीला दाखवला. आजी ८७ वर्षांची आहे. इंग्रजी तिला कळत नाही, गेम म्हणजे काय तेही नाही. चष्मा पुसून तिनं शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाली, “त्या जनावरानं न्हाई गं, गावानंच मारली की पोरीला.” मी दहा वर्षं या मालिकेबद्दल लोकांना समजावून सांगतेय. आजीनं ते एका वाक्यात सांगून टाकलं.

ज्या राज्याला २०१३ साली नरबळीविरुद्ध कायदा करावा लागला, तिथल्या माणसाला हा ट्रेलर परीकथा वाटायचं कारण नाही.

मी ‘विचर ३’ पहिल्यांदा खेळले ते दादाच्या पीसीवर. गेम आला १९ मे २०१५ ला, आमच्याकडं यायला दुसरं वर्ष उजाडलं, कारण ग्राफिक्स कार्डाला पैसे साठवायचे होते. सुरुवातीला व्हाइट ऑर्चर्ड नावाचं गाव लागतं. तिथल्या फलकावर कुणीतरी चिठ्ठी लावलेली असते: विहिरीवर भूत आहे, कुणीतरी बंदोबस्त करा. गेराल्ट जातो. ते भूत रात्रीचं नाहीच, भर दुपारचं. लग्नाआधी किंवा लग्नाच्या आसपास जीव गेलेली बाई उन्हात, शेतात, विहिरीपाशी फिरते. पोलंडमध्ये तिला पोउद्‌नित्सा म्हणतात, म्हणजे दुपारची बाई.

हे वाचलं तेव्हा माझ्या हातातला माऊस थांबला. लहानपणी सुट्टीत कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला गेलं की आजीचं एकच सांगणं असायचं, “बाराच्या टायमाला हिरीवर जाऊ नगंस पोरी.” का, तर तिथं हडळ असते. कोण हडळ, तर बाळंतपणात गेलेली कुणीतरी. मुंजा कोण, तर लग्नाआधी गेलेला पोरगा. आमच्याकडच्या प्रत्येक भुतामागं कुणाचं तरी काहीतरी राहून गेलेलं असतं. आणि इथं हजारो मैलांवरच्या एका देशानं अगदी तीच दुपार, तीच विहीर घेऊन जगभर विकला जाणारा गेम केला होता. नुसतं भूत मारायचं नाही, ती बाई कोण होती, तिला कुणी मारलं, हे शोधायचं. विहिरीत उतरून तिचं कडं वर काढायचं आणि तिच्या हाडांबरोबर ते जाळायचं, मगच तिच्याशी लढता येतं. काम देणाऱ्या म्हाताऱ्याची लेक आजारी आहे आणि तिला त्या विहिरीचं स्वच्छ पाणी हवंय, म्हणून हे सगळं. जग वाचवायचं नाही, राजा बदलायचा नाही. एका घराला पाणी मिळवून द्यायचं.

म्हणून चौथ्या भागाकडून माझी पहिली मागणी हीच आहे. नकाशा मोठा करू नका. गावं दाट करा. तिसऱ्या भागात स्केलिगाच्या समुद्रात प्रश्नचिन्हं पसरून ठेवली होती. होडी घेऊन एकेक पेटारा गोळा करत फिरायचं. मी निम्म्यावर सोडून दिलं आणि माझं काही अडलं नाही. पण व्हेलनमधला तो दारुडा बॅरन आणि त्याची कधीच जन्माला न आलेली लेक मी अजून विसरले नाही. तिला नाव न देता, नीट न पुरता टाकून दिलं म्हणून ती राक्षस झाली. तिला मारायचं, की बापाला तिला हातात घेऊन नाव द्यायला लावायचं आणि उंबऱ्याखाली पुरायचं, हे आपण ठरवायचं. मी दुसरा रस्ता घेतला. तो बॅरन बायकोला मारहाण करणारा माणूस आहे, हे तोवर आपल्याला कळलेलं असतं. तरी त्या रात्री पावसात ते गाठोडं छातीशी धरून चालणारा तो माणूस बघताना मला त्याचा रागही येत होता आणि गळाही दाटून आला होता. दोन्ही एकदम. हे ज्यांना लिहिता येतं त्यांनी डोंगर किती उंच आणि पानं किती हलतात याच्या मागं फार लागू नये.

जून २०२५ मध्ये गेम करणाऱ्या कंपनीनं अनरियल इंजिन ५ वरचा (इंजिन म्हणजे ज्यावर गेम बांधतात ते सॉफ्टवेअर) एक तांत्रिक डेमो दाखवला. कोव्हिरचा बर्फाळ प्रदेश, सिरीची घोडी केल्पी, बंदरातलं गजबजलेलं गाव. सोनीच्या साध्या पीएस फाइव्ह कन्सोलवर सेकंदाला ६० फ्रेम्स. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. बाजारातली गर्दी एकमेकांना धक्के देत चालत होती. पण मी बघत होते ती त्या गर्दीतली माणसं, त्यांच्यातल्या कुणाच्या घरी काय चाललंय याचा पत्ता लागतोय का ते. तो अजून लागलेला नाही. डेमोत लागायचाही नाही म्हणा.

आता वळिवड्याचं सांगते, कारण माझ्या डोक्यात हे दोन्ही विषय वेगळे नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून सायबेरियात हाकललेली आणि तिथून सुटलेली माणसं, त्यात बायका-मुलंच जास्त, कोल्हापूर संस्थानात आली. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे ५००० पोलिश लोक राहिले. शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. ते गेल्यावर त्याच बराकींमध्ये फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं राहिली आणि त्याचं झालं गांधीनगर, जिथं आज आपण कपडे घ्यायला जातो. महावीर गार्डनमध्ये त्या पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ आहे. सकाळी फिरायला जाणारे रोज त्याच्या शेजारून जातात. आणि वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान तिथं गेले तेव्हा टीव्हीवर ‘कोल्हापूर’ हा शब्द ऐकून आमच्या घरात सगळे उठून उभे राहिले होते.

आजी तेव्हा लहान होती. तिला आठवतं ते एवढंच: डोक्याला रुमाल बांधलेल्या गोऱ्या बायका बाजाराला यायच्या, वांग्याला बोट दाखवून भाव विचारायच्या, आणि हळूहळू “केवढ्याला” म्हणायला शिकल्या. त्यांची पोरं आणि गावातली पोरं एकाच ओढ्यावर खेळायची.

‘विचर’ करणारी सीडी प्रोजेक्ट रेड ही कंपनी वॉर्साचीच. ज्या शहरात आपल्या गावाचं नाव दगडावर कोरलंय, त्याच शहरात बसून कुणीतरी सिरीचं पुढचं आयुष्य लिहितंय. पोलिश आज्यांनी वळिवड्याच्या बराकीत आपल्या नातवंडांना दुपारच्या बाईच्या गोष्टी सांगितल्या असतील का? मला वाटतं असतील. पलीकडं गावात तशाच गोष्टी चालू होत्या, हे मात्र मला माहीत आहे.

या कंपनीची सुरुवात मला फार महत्त्वाची वाटते. १९९४ साली दोघा मित्रांनी मूळ ‘सीडी प्रोजेक्ट’ काढली तेव्हा ते स्वतः गेम करत नव्हते. बाहेरचे गेम आणून विकायचे. मग १९९९ मध्ये त्यांनी ‘बाल्डर्स गेट’ पोलिश भाषेत आणला, नावाजलेल्या पोलिश नटांचे आवाज घेऊन. तो चालला. आपल्या भाषेतला गेम लोक पैसे देऊन घेतात हे त्यांना दिसलं. त्यानंतर २००७ मध्ये त्यांचा स्वतःचा पहिला ‘विचर’ आला. २०११ मध्ये दुसरा भाग आला तेव्हा पोलंडच्या पंतप्रधानांनी ओबामांना तो भेट दिला. म्हणजे आधी आपली भाषा, मग आपली भुतं, आणि मग जग. मी दुसऱ्यांदा गेम खेळले तो पोलिश आवाजात, खाली इंग्रजी सबटायटल ठेवून. पूर्ण वेगळा वाटला. गेराल्ट खेड्यातल्या माणसासारखा बोलतो असं वाटलं. आणि संगीत! पर्सिव्हल हा पोलिश लोकसंगीताचा बँड आहे, त्यातल्या बायका उघड्या गळ्यानं ओरडून गातात. ते ऐकून मला पट्टणकोडोलीच्या यात्रेतले ढोल-कैताळ आठवले. अंगावर तसाच काटा येतो.

मराठीत असं कधी होईल हा विषय मोठा आहे, त्यावर वेगळं लिहीन. पण आपल्याकडच्या वेताळाला, गिऱ्ह्याला, चकव्याला कुणी इतक्या गांभीर्यानं घेतलेलं मला बघायचंय.

सिरी नायिका असण्यावरून नेटवर जो गोंधळ झाला त्याबद्दल मी थोडंच लिहिणार आहे. गेराल्ट नायक नाही म्हणून वाईट वाटणं मी समजू शकते, मलाही वाटलं. पण “बाई कशाला” हा प्रश्न निदान कोल्हापुरातल्या पोरांनी तरी विचारू नये. कावळा नाक्यावरून जाताना वर ताराराणींच्या पुतळ्याकडं बघा. राजाराम महाराज गेले १७०० साली, ताराराणी तेव्हा पंचविशीच्या आसपास होत्या, आणि पुढची सात वर्षं औरंगजेबाला त्यांनी दख्खनमध्ये झुंजवत ठेवलं.

माझी शंका वेगळी आहे. ट्रेलरमध्ये सिरी विचरांची औषधं पिते, तिचे डोळे बदललेले दिसतात. म्हणजे विचर होण्यासाठीची ती जीवघेणी परीक्षा तिनं दिलीय. आतापर्यंतच्या कथेत ती परीक्षा मुलग्यांवरच व्हायची आणि त्यातलीही बरीच मरायची. सिरीला तर जन्मतःच अशी शक्ती होती की विचर तिच्यापुढं काहीच नाहीत. मग तिनं ते का पत्करलं? ती शक्ती गेली कुठं? याचं उत्तर गेममधल्या कुठल्या तरी पुस्तकाच्या पानावर दोन ओळींत लिहून मोकळे झाले तर मला ते चालणार नाही. हा निर्णय तिचा होता की कुणी तिच्यावर लादला, हे मला तिच्या तोंडून ऐकायचंय. तिसऱ्या भागाचा सगळा जीव त्यातच होता. शेवटी सिरीचं काय होतं हे आपण तलवार किती चालवली यावर ठरत नाही. ती खचलेली असताना तिच्याशी बर्फाचे गोळे खेळलात की “सगळं जमायलाच पाहिजे असं नाही” म्हणून दारूचा पेला पुढं केलात, मोठ्या बायकांच्या बैठकीत तिला एकटीला जाऊ दिलं की मागं मागं गेलात, यावर ठरतं. पोरीला मोकळं सोडणारा बाप आहात का, एवढंच तो गेम बघतो.

गेम २०२६ संपेपर्यंत येणार नाही असं कंपनीनं सांगितलं तेव्हा ग्रुपवर बऱ्याच जणांनी रडके चेहरे टाकले. मला बरं वाटलं. मी फाउंड्रीत क्वालिटीला आहे. ओतलेलं लोखंड साच्यात गार व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. डिस्पॅचची घाई म्हणून साचा आधी फोडला तर कास्टिंग वाकतं, कधी तडा जातो, आणि कधी तर तडा दिसतही नाही, गिऱ्हाइकाकडं मशिनवर चढल्यावर दिसतो. डिसेंबर २०२० मध्ये याच कंपनीच्या ‘सायबरपंक २०७७’ या गेमचं जगानं तेच बघितलं. जुन्या कन्सोलवर तो गेम इतका खराब चालत होता की सोनीनं आपल्या दुकानातून काढून टाकला, आणि परत आणायला जून २०२१ उजाडला. त्याच लोकांनी पुढं तो दुरुस्त केला, सप्टेंबर २०२३ मध्ये ‘फँटम लिबर्टी’ ही त्याची पुरवणी दिली आणि ती उत्तम होती. ते श्रेय मी त्यांना देते. पण पहिल्यांदा ज्यानं पैसे साठवून घेतला त्याचा पहिला अनुभव परत येत नाही. आमच्यासारख्या घरात वर्षाला एक गेम घेतला जातो. तो एकच असतो.

आणि यावेळी साचाही नवीन आहे. स्वतःचं जुनं इंजिन सोडून ते अनरियलवर आलेत. पूर्ण ताकदीनं काम सुरू झालं तेच मुळी २०२४ च्या शेवटी. तेव्हा घ्या वेळ. २०२७ म्हणालात, २०२८ झालं तरी मी तक्रार करणार नाही. फक्त गावं रिकामी ठेवू नका. आणि ग्वेंट, म्हणजे गेममधला तो पत्त्यांचा डाव, काढू नका, तेवढं कृपा करून ऐका.

गेल्या आठवड्यात दादाचा पुण्याहून फोन आला होता. आमचं दहा वर्षांचं एक भांडण आहे. माझ्या गेममध्ये सिरी विचर झाली, व्हाइट ऑर्चर्डच्या खानावळीत गेराल्टनं तिच्या हातात चांदीची तलवार दिली. दादाच्या गेममध्ये ती सम्राज्ञी झाली. नवीन भाग माझ्या बाजूनं निघाला याचं त्याला वाईट वाटलंय. “मग माझी सिरी खोटी का?” असं त्यानं खरंच विचारलं. मला काही उत्तर सुचलं नाही. म्हटलं, पहिल्यापासून परत खेळ, यावेळी पोलिशमध्ये. त्यानं सुरू केलाय. काल रात्री मेसेज आला, विहिरीपाशी पोचलाय.