ओबीडी पोर्टची वीज किल्लीबरोबर बंद होत नाही

कोल्हापुरातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की ट्रिप लॉगर, म्हणजे गाडीच्या फेऱ्यांची नोंद ठेवणारं यंत्र, घरीच बनवा आणि स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमधून, म्हणजे मेकॅनिक गाडी तपासायला मशीन जोडतो त्या सॉकेटातून, दोन वायरी काढून त्याला वीज द्या. गाडी बंद केली की तो आपोआप बंद होतो, पोर्टला फ्यूज असतोच, सगळीकडे बारा व्होल्टच येतात आणि नुसता डेटा वाचल्यानं गाडीला काही होत नाही. लॉगर बनवायला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आपल्या गाडीच्या फेऱ्यांचा आणि डिझेलचा हिशेब आपल्याच हातात असावा. पण मेसेजमधली ही चार विधानं जशीच्या तशी धरून कामाला लागलात तर गाडी दारात अडकेल, नाहीतर वायर जळेल.

‘गाडी बंद की लॉगर बंद’ हे त्यातलं सगळ्यात महागात पडणारं विधान. ओबीडी-२ च्या सॉकेटात सोळा पिना असतात. त्यातली १६ नंबरची बॅटरीच्या प्लसवर कायम असते आणि ४ नंबरची बॉडी अर्थ. जे१९६२ या स्टँडर्डमध्येच हे तसं ठरलेलं आहे. स्वतः बघायचं तर किल्ली काढून खिशात ठेवा, मल्टिमीटरचा काळा प्रोब ४ वर आणि लाल १६ वर लावा. बॅटरी चांगली असेल तर १२.५ ते १२.६ दिसेल. अर्ध्या तासानं बघा, जवळपास तेच दिसेल. इग्निशनचा या पिनेशी संबंध नाही.

आता हिशेब करू. वाय-फाय आणि जीपीएस चालू ठेवणारा लॉगर बॅटरीतून सहज १०० मिलिअँपिअर ओढतो, म्हणजे दिवसाला २.४ अँपिअर-अवर. गाडीचं स्वतःचं घड्याळ, अलार्म, लॉक यांचे ३०-५० मिलिअँपिअर वेगळे. लहान गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची असते आणि ती निम्मी उतरली की सेल्फ कुरकुरायला लागतो. गाडी राजारामपुरीत दारात लावून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला गेलात, तर पाच-सहा दिवसांत ही वेळ येते. बॅटरी जुनी असेल तर त्याआधीच.

याहून वाईट प्रकार म्हणजे इंजिन बंद झाल्यावरही लॉगर दर सेकंदाला गाडीला आरपीएम, स्पीड विचारत राहतो. अनेक गाड्यांत या विचारण्यामुळे ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आणि गेटवे (गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणारा डबा) झोपतच नाहीत. मग बॅटरी लॉगर नाही, गाडीच खाते, आणि दोष मात्र बॅटरीवाल्यावर जातो.

म्हणून लॉगरला झोपवायची सोय त्याच्या प्रोग्रॅममध्येच हवी. व्होल्टेज १३.२ च्या खाली गेलं, म्हणजे इंजिन बंद झालं असं धरून झोप, ही नेहमीची युक्ती. पण काही नव्या गाड्या इंजिन चालू असतानाही बॅटरी भरलेली दिसली की चार्जिंग कमी करतात आणि व्होल्टेज १२.७ च्या आसपास येतं. तिथं ही युक्ती एकटी फसते, लॉगर निम्म्या रस्त्यात झोपतो. व्होल्टेजला हालचालीच्या सेन्सरची जोड द्या. आणि १२.२ च्या खाली काहीही झालं तरी पूर्ण बंद, ही अट ठेवाच.

फ्यूज असतो, हे खरं. पण तो कुणासाठी? पोर्टचा फ्यूज बहुतेक १० किंवा १५ अँपिअरचा असतो आणि तो गाडीची वायर वाचवतो. तुम्ही जोडलेली केसासारखी बारीक वायर शॉर्ट झाली, तर फ्यूज उडायच्या आधी ती लाल होईल. कित्येक गाड्यांत हाच फ्यूज केबिन लाइट किंवा लॉकिंगलाही असतो, म्हणजे तो उडाला तर तेही गेलं. प्लगपासून चार बोटांवर स्वतःचा १ अँपिअरचा फ्यूज टाका. आणि ओबीडीची तयार केबल घेतलीत तर रंगावर विश्वास ठेवू नका. स्वस्त केबलींत लाल वायर १६ लाच असेल असं नाही. सोल्डरिंगआधी एकेक वायर कुठल्या पिनेला जाते ते मल्टिमीटरच्या बीपवर तपासून बघा.

‘बारा व्होल्ट’ हा आकडा फक्त बोलण्यापुरता. इंजिन चालू असताना १४ च्या वर, सेल्फ मारताना क्षणभर ९ च्याही खाली. बॅटरीचं टर्मिनल लूज असेल आणि चार्जिंग चालू असताना सुटलं, तर अल्टरनेटर ३५ व्होल्ट किंवा त्याहून मोठा झटका देऊ शकतो. उसाच्या ट्रकांत तर मुळातच चोवीस व्होल्टची यंत्रणा असते. लॉगरसाठी ५ व्होल्ट करायला मेसेजमध्ये ७८०५ ही साधी रेग्युलेटर चिपही सुचवली आहे, ती इथं चुकीची आहे. १४ व्होल्टवरून ५ करताना ३०० मिलिअँपिअरला ती पावणेतीन वॅट नुसती उष्णता करते, आणि बॅटरीतून तेवढेच ३०० ओढते. चांगला बक कन्व्हर्टर (फारशी उष्णता न करता व्होल्टेज उतरवणारं सर्किट) तेच काम दीडशेच्या आत करतो. गाडीसाठीच बनवलेला, ४० व्होल्ट झेलणारा घ्या. कारमध्ये त्याच्या आधी व्होल्टेजचा झटका गिळणारा २४ व्होल्टचा टीव्हीएस डायोड लावा. सेल्फच्या वेळी रीसेट होऊन एसडी कार्डावरची फाइल खराब होऊ नये, म्हणून प्लसच्या वायरीत एक साधा डायोड आणि त्यामागं मोठा कपॅसिटर.

‘वाचल्यानं काही होत नाही’ हेही अर्धंच. ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर कॅन बस असते, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती वायरींची जोडी. तिच्या दोन टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर आधीच असतात, मिळून ६० ओहम. लॉगरला या बसशी जोडणाऱ्या, बाजारातल्या कित्येक कॅन मॉड्यूलवर तिसरा १२० सोल्डर करूनच येतो. तो काढल्याशिवाय जोडू नका, नाहीतर गाडीच्या आपसातल्या बोलण्यात चुका यायला लागतात आणि डॅशबोर्डवर भलतेच दिवे लागू शकतात.

नोंद जीपीएसवरच चालणार असेल आणि इंजिनचा डेटा नकोच असेल, तर पोर्टला हात का लावायचा? फ्यूज बॉक्समध्ये किल्लीबरोबर चालू-बंद होणारा फ्यूज शोधा, ॲक्सेसरी सॉकेटचा चालेल, आणि फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारा जोड) लावून तिथून वीज घ्या. एअरबॅग, एबीएस, ईसीयूच्या फ्यूजना शिवू नका. उद्यमनगरातला कुठलाही अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियन हे डोळ्यांसमोर करून देईल.

वायर कुठूनही काढा, ती पेडलांच्या वरून लोंबकळता कामा नये. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना ब्रेकखाली वायरीचं भेंडोळं आलं तर काय होईल, हे कुणाला समजावून सांगायला नको. डॅशबोर्डच्या आतल्या लूमला (वायरींच्या जुडीला) झिप टायनं बांधा, आणि बांधून झाल्यावर तिन्ही पेडल तळापर्यंत दाबून बघा.